जुना इंकजेट प्रिंटर बदलताना : यंत्राची किंमत नव्हे, पानाची किंमत पाहा



आज बहुतेक दुकानांत, कारखान्यांत, बेकरीत, टेलरकडे, आत्तरवाल्याकडे एखादा इंकजेट प्रिंटर असतो. बिले, दरपत्रके, बाटल्यांची लेबले, शादीच्या कार्डांचे नमुने, गोदामाचे गेटपास अशी कामे त्यावर होतात. यंत्र चार-सहा वर्षे चालते आणि मग कुरकुर सुरू होते. कागद ओढत नाही, अक्षरांत पांढऱ्या रेघा येतात, कार्ट्रिज आणून लावले की आठ दिवसांत रिकामे. अशा वेळी आपला माणूस बाजारात जातो आणि सर्वांत स्वस्त प्रिंटर उचलून आणतो. आमचे सांगणे असे की नुकसानीची सुरुवात इथेच होते. स्वस्त यंत्र विकून कंपनी थांबत नाही. तिची खरी कमाई पुढे वर्षानुवर्षे विकल्या जाणाऱ्या शाईत असते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न “यंत्र केवढ्याला?” हा नको, “छापलेले पान केवढ्याला पडेल?” हा हवा.

प्रथम जुन्या यंत्राचे निदान करावे

प्रिंटर खरोखर संपला आहे की केवळ आजारी आहे, हे आधी ठरवावे लागते. याकरिता त्याची रचना थोडी समजून घेऊ. शाईचे थेंब कागदावर सोडणारा जो भाग, त्याला हेड म्हणतात. हे हेड दोन प्रकारचे असते. एकात शाईला क्षणभर तापवून बुडबुडा तयार करतात आणि त्या बुडबुड्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. १९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्न चुकून लागले आणि सुईतून शाई उडाली. त्यातून ही पद्धत निघाली. कॅनन आणि एचपी ही पद्धत वापरतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एप्सन व ब्रदरच्या यंत्रांत, विजेचा दाब दिला की आकार बदलणारा लहानसा स्फटिक शाई ढकलतो. तिथे शाई तापत नाही.

या फरकाचा आपल्या खिशाशी संबंध आहे. एचपी व कॅननच्या अनेक स्वस्त यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. नवे कार्ट्रिज लावले की नवे हेड मिळते. अशा यंत्रात छपाई खराब झाली म्हणून यंत्र फेकण्याचे कारण नाही. मात्र तापणारे हेड शाई संपल्यावर तसेच कोरडे चालवले तर जळते, मग त्या कार्ट्रिजमध्ये शाई भरूनही उपयोग होत नाही. एप्सनसारख्या यंत्रात हेड कायमचे असते. ते पूर्ण बंद पडले तर नव्या हेडचा आणि मजुरीचा खर्च जवळजवळ नव्या यंत्राच्या निम्म्यावर जाऊ शकतो. तेव्हा कारागिराकडून आधी अंदाज घ्यावा आणि मगच हात लावू द्यावा.

कागद ओढत नसेल तर बहुधा रबराच्या रोलरवर कागदाची भुकटी बसलेली असते. किंचित ओल्या स्वच्छ कापडाने तो पुसला की यंत्र पुन्हा चालू लागल्याचे अनेकदा दिसते. सगळे दिवे लुकलुकतात आणि यंत्र छापायचे नाकारते, याचे एक नेहमीचे कारण वाया गेलेल्या शाईचे पॅड भरणे हे आहे. हेड साफ होताना जी शाई बाहेर पडते ती यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजात जमा होते आणि यंत्र तिचा हिशेब ठेवते. तो भरला की यंत्र थांबते. पॅड बदलून हिशेब शून्यावर आणता येतो, हे काम फार महाग नाही. काही कारागीर पॅड न बदलता फक्त हिशेब शून्य करतात. त्याचा परिणाम पुढे टेबलावर, आणि कधी गिऱ्हाइकाच्या मालावर, शाई सांडण्यात होतो.

हेडच गेले असेल, दात्यांची चक्रे झिजली असतील, किंवा नव्या संगणकावर जुन्या यंत्राचा ड्रायव्हरच मिळत नसेल, तर मात्र त्यावर आणखी पैसे घालू नयेत.

एका पानाचा हिशेब

शाईच्या डब्यावर “इतकी पाने” असे छापलेले असते. हा आकडा हवेतला नसतो, तो ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने, ठरावीक नमुना पाने सलग छापून काढतात. ढोबळमानाने पानाच्या शंभरातील पाच भागांवर एक शाई पडते, असे ते पान असते. आपले साधे बिल किंवा पत्र साधारण याच मापाचे. किमतीला त्या आकड्याने भागले की शाईचा दर निघतो. एवढा साधा भागाकार, पण तो करून कार्ट्रिज घेणारा व्यापारी विरळा.

खालील किमती उदाहरणादाखल आहेत, आपल्या गावचा भाव घालून पाहावा. समजा काळे कार्ट्रिज ९०० रुपयांना मिळते आणि त्यावर २०० पाने लिहिली आहेत. म्हणजे पान साडेचार रुपयांना पडले. आता टाकीवाल्या प्रिंटरचे पाहू. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटरच्या काळ्या बाटलीवर सुमारे ४,५०० पाने आणि तीन रंगांच्या बाटल्यांवर मिळून सुमारे ७,५०० पाने असा कंपनीचा आकडा आहे. बाटली ४५० रुपयांना धरली तरी काळे पान दहा पैशांना पडते. साडेचार रुपये कुठे आणि दहा पैसे कुठे! एक रीम, म्हणजे ५०० कागद, २७५ रुपयांना धरले तर कोरा कागदच ५५ पैशांचा होतो. म्हणजे टाकीवाल्या यंत्रात शाईपेक्षा कागद महाग. तिथे बचत करायची तर पाठपोट छापावे, चुकीची पाने कमी काढावीत. शाईकडे फार पाहण्याचे कारण उरत नाही.

या टाकीचीही एक गोष्ट आहे. महाग कार्ट्रिजला कंटाळून आशियातील अनेक देशांतले दुकानदार प्रिंटरला बाहेरून नळ्या व बाटल्या जोडून शाई भरू लागले होते. कंपन्यांनी त्याला पुष्कळ विरोध केला. शेवटी एप्सननेच २०१० मध्ये इंडोनेशियात कारखान्यातूनच टाकी बसवलेला प्रिंटर आणला. आज कॅनन, एचपी आणि ब्रदर यांचेही टाकीवाले प्रिंटर मिळतात. म्हणजे गल्लीतल्या कारागिराची युक्ती कंपनीला स्वीकारावी लागली, असे म्हणायला हरकत नाही.

तर मग सर्वांनी टाकीवालाच घ्यावा काय? नाही. समजा टाकीवाला प्रिंटर १३,००० रुपयांना आहे आणि आपण महिन्याला ३०० पाने छापता. कार्ट्रिजवर १,३५० रुपये जात होते, आता ३० रुपये जातील. जेमतेम दहा महिन्यांत यंत्राचे पैसे वसूल. पण ज्यांची महिन्याला ४० पानेच असतात, त्यांची बचत १७६ रुपये. त्यांना वसुलीला सहा वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि इतके कमी वापरलेले हेड तोवर शाई सुकून बंद पडण्याचा धोकाच जास्त. अशा बांधवांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून पाने काढून आणणे उत्तम. शेजाऱ्याचाही धंदा चालतो.

म्हणून खरेदीपूर्वी एक महिना प्रिंटरजवळ वही ठेवावी. रोज किती पाने, त्यातील काळी किती, रंगीत किती, आणि रंगीत म्हणजे लोगोपुरती की पूर्ण रंगलेली, एवढे लिहावे. आमच्या पाहण्यात अंदाजाने सांगितलेला आकडा आणि वहीतला आकडा क्वचितच जुळतो.

लेबल छापणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे

वर सांगितलेला पाच टक्क्यांचा हिशेब लेबलांना लागू पडत नाही. समजा आत्तरच्या बाटलीचे लेबल गडद हिरव्या जमिनीवर आहे आणि एका पानावर २४ लेबले बसतात. हिरवा रंग निळी व पिवळी शाई मिळून होतो. दोन्ही शाया पानाच्या ८० टक्के भागावर पडल्या, तर प्रत्येक शाई नेहमीच्या सोळापट लागली. रंगीत कार्ट्रिज ९९० रुपयांचे व १६५ पानांचे धरले तर साधे रंगीत पान ६ रुपयांचे, म्हणजे प्रत्येक रंगाचे २ रुपये. सोळापट केले की दोन रंगांचे ६४ रुपये. एका लेबलाला नुसती शाई पावणेतीन रुपयांच्या जवळपास! आत्तराच्या लहान बाटलीमागे व्यापाऱ्याला सुटते किती, आणि त्यातून हे पावणेतीन रुपये कुणी वजा केले आहेत? हिशेबाच्या वहीत ते “किरकोळ खर्च” म्हणून जातात आणि वर्षअखेरीस नफा कुठे गेला असा प्रश्न पडतो.

हेच पान टाकीवाल्यावर, बाटली ४५० रुपयांची धरून, सुमारे १ रुपया ९२ पैशांना पडते, म्हणजे लेबलामागे आठ पैसे. आणि लेबलाची जमीन पांढरी ठेवून फक्त अक्षरे व नक्षी हिरवी केली तर त्याहूनही थोडी शाई लागते. नक्षीचे काम ज्यांच्या हातात आहे त्यांना आमची सूचना, की आरेखन करतानाच शाईचा विचार करावा. एकाच नमुन्याची पाच-दहा हजार लेबले लागणार असतील, तर घरच्या प्रिंटरचा नादच सोडावा आणि ऑफसेट छापखान्याचा भाव घ्यावा.

आपली खरी शाई किती लागते हे मोजण्याची सोपी रीत अशी. टाकीच्या पारदर्शक भागावर मार्करने शाईच्या पातळीची खूण करावी. शंभर पाने छापावीत. बाटली लहान डिजिटल काट्यावर तोलून घ्यावी आणि खुणेपर्यंत शाई भरून पुन्हा तोलावी. जितके ग्रॅम कमी झाले, जवळपास तितके मिलिलिटर शंभर पानांना लागले. गिऱ्हाइकाला भाव सांगताना मग अडखळावे लागत नाही.

शाई कोणती, हाही प्रश्न आहे. एक शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, तिला डाय म्हणतात. फोटो तिच्यावर खुलून येतो, पण पाण्याचा थेंब पडला की अक्षर फुटते. दुसरी पिगमेंट, म्हणजे बारीक रंगकणांची. ती पाण्याला बरीच टिकते. वर उल्लेखिलेली ००३ ही डाय शाई आहे. कॅननच्या जी मालिकेतील अनेक यंत्रांत काळी शाई पिगमेंट आणि रंगीत डाय असते. ज्यांची बिले ओल्या हातांत जातात, उदाहरणार्थ मासळी, मटण, दूध, बर्फ यांचे व्यापारी, त्यांनी काळी शाई पिगमेंट आहे ना हे विचारून घ्यावे. आत्तराच्या तेलाला मात्र दोन्हींचा भरवसा नाही, लेबलावर लॅमिनेशन हवेच. आणि एका प्रकारच्या यंत्रात दुसऱ्या प्रकारची शाई कधीही भरू नये. कपावर किंवा पॉलिस्टर कापडावर छापण्याची सब्लिमेशन शाई ही तिसरीच जात आहे. तिच्यासाठी वेगळे यंत्र राखून ठेवावे लागते.

ज्यांचे सारे काम काळे आहे त्यांनी लेझर प्रिंटरही पाहावा. त्यात शाई नसून भुकटी असते, त्यामुळे महिनाभर बंद ठेवला तरी काही सुकत नाही. पाणी लागून अक्षर पसरत नाही. डीटीपीवाल्या बांधवांना कॅननचा एलबीपी २९०० ठाऊकच आहे. त्याच्या एका टोनरवर सुमारे २,००० पाने निघतात आणि टोनर पुन्हा भरूनही मिळतो. अडचण विजेची. लेझर यंत्र तापताना एकदम मोठा भार घेते, लहान यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर ते लावू नये. वीज वारंवार जाते तिथे इंकजेटच सोयीचा. ट्रान्सपोर्टवाल्यांना कार्बनच्या तीन प्रती लागतात, त्यांना जुन्या डॉट मॅट्रिक्सला पर्याय नाही. छोट्या पावत्यांना थर्मल प्रिंटर पुरतो, त्याला शाईच लागत नाही. पण त्याची अक्षरे काही महिन्यांत फिकट होतात, म्हणून जपून ठेवायच्या बिलांना तो नको.

बाहेरची शाई आणि सचोटी

दुसऱ्या कंपनीची स्वस्त शाई वापरावी काय? कायद्याच्या दृष्टीने आपण विकत घेतलेल्या वस्तूत आपण काय भरावे हा आपला प्रश्न आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात असाच निकाल दिला की कार्ट्रिज एकदा विकल्यावर कंपनीचा त्यावरचा पेटंट हक्क संपतो. कंपन्या दुसऱ्या बाजूने चिपचा उपाय करतात. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी इतरांची कार्ट्रिजे एकाएकी नाकारायला सुरुवात केली होती, आणि ग्राहकांना अशा निर्बंधांची नीट कल्पना न दिल्याबद्दल इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०२० मध्ये त्या कंपनीला १ कोटी युरो दंड ठोठावला. म्हणून कार्ट्रिजचे यंत्र घ्यायचेच असेल तर ते भरलेले कार्ट्रिज स्वीकारते काय, हे दुकानात आधी विचारावे.

व्यवहाराच्या दृष्टीने आमचे मत असे : जुन्या, वॉरंटी संपलेल्या यंत्राला बाहेरची शाई भरायला हरकत नाही. नव्या टाकीवाल्याला, निदान वॉरंटीच्या काळात, कंपनीचीच शाई द्यावी. पान दहा पैशांचे असताना त्यात पाच पैसे वाचवण्यासाठी १३,००० रुपयांचे यंत्र धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही. वॉरंटीही नीट वाचावी. ती बहुधा वर्ष आणि पानांची संख्या या दोहोंत असते, जे आधी पूर्ण होईल ते खरे.

जे बांधव शाई व कार्ट्रिज विकतात त्यांना दोन शब्द. पुन्हा भरलेले कार्ट्रिज नव्या खोक्यात घालून “ओरिजिनल” म्हणून खपवण्याचा प्रकार बाजारात चालतो. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतून ओल लागली, आणि ओला भाग गिऱ्हाइकाला दिसेल असा वर का ठेवला नाही असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले, हा प्रसंग आपणा सर्वांना माहीत आहे. भरलेले कार्ट्रिज भरलेले म्हणूनच, कमी भावाने विकावे. त्याला गिऱ्हाईक आहे आणि ते गिऱ्हाईक परत येते.

पैसे कसे भरावेत

दुकानात “नो कॉस्ट ईएमआय” असे फलक लागलेले असतात. वरवर व्याज शून्य दिसते. प्रत्यक्षात बँक व्याज आकारते, तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो, व्याजावरचा जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो, आणि कधी प्रोसेसिंग फीही लागते. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. म्हणजे कागदावर व्याजाचा करार असतोच. जे व्याजापासून दूर राहू इच्छितात त्यांनी सही करण्यापूर्वी कागद वाचावा आणि आपल्या आलिमांना दाखवावा. दुकानदार स्वतः, बँकेला मध्ये न घालता, ठरलेल्या एकाच किमतीवर चार हप्ते देत असेल तर तो मार्ग सरळ आहे. बाजारातील सात-आठ जणांनी मिळून चिठ्ठीची भिशी लावली तरी प्रिंटरएवढी रक्कम सहज उभी राहते. लिलावाची, म्हणजे बोली लावून रक्कम कमी करून उचलण्याची भिशी मात्र नको, कारण त्यात तोच दोष शिरतो.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी दुकानाच्या नावाने व नंबरासह बिल घ्यावे, म्हणजे भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट मिळते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ते मिळत नाही, त्यांनी किंमत करासह धरूनच हिशेब करावा.

नवे यंत्र आल्यावर

टाकीवाल्यात पहिल्यांदा शाई भरल्यावर बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते. पहिल्या बाटलीवर पाने कमी निघाली म्हणून घाबरून जाऊ नये. आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढावे, विशेषतः रमजान ईदच्या सुटीत किंवा उन्हाळ्यात गावी जाताना हे काम कुणावर तरी सोपवावे. रेघा दिसल्या की लगेच हेड क्लीनिंगचे बटण दाबू नये, प्रत्येक साफसफाईला शाई जाते आणि ती त्याच पॅडमध्ये जमा होते. आधी नोझल तपासणीचे पान काढावे, खरोखर तुटक रेघ असेल तरच एकदा साफ करावे, आणि दोन-तीनदा करूनही फरक नसेल तर काही तास थांबावे. यंत्र बंद करताना त्याच्याच बटणाने बंद करावे. भिंतीवरचा स्विच सरळ बंद केला तर हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसत नाही आणि उघडे राहून सुकते. दुकान वाढवताना मेन स्विच पाडण्याची सवय असलेल्या नोकराला हे मुद्दाम सांगून ठेवावे. शाईची पातळी खालच्या खुणेखाली कधी जाऊ देऊ नये, नळ्यांत हवा शिरली की ती काढण्यात पुन्हा शाईच जाते.

जुने यंत्र चालू अवस्थेत असेल आणि कुणाला द्यायचे असेल तर त्यातील दोष सांगूनच द्यावे. महिन्याला चार पाने लागणाऱ्या मदरशाला महाग कार्ट्रिजचे यंत्र भेट देणे म्हणजे त्याच्यावर खर्च लादणे होय. पूर्ण निकामी झालेला प्रिंटर आणि रिकामी कार्ट्रिजे कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर व कार्ट्रिज यांची नोंद आहे, आणि ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचली पाहिजेत. देण्यापूर्वी स्कॅनरच्या काचेखाली एखादे आधार कार्ड किंवा चेक राहिला नाही ना, तेवढे पाहून घ्यावे.